चार बायका घरात असताना डूला कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बायको पहिल्या बाळंतपणासाठी सोलापुरातल्या जुळे सोलापूर या भागात माहेरी आली आहे, ३३ वा आठवडा चालू आहे, तारीख मेच्या पहिल्या आठवड्यातली. तुम्ही नोकरीमुळे पुण्यात. तिला डूला, म्हणजे बाळंतपणात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत थांबणारी, त्याचं शिक्षण घेतलेली बाई हवी आहे आणि तुमच्या सासूबाई, म्हणजे तिची आई, म्हणतात, "घरात आम्ही चार बायका आहोत, चौघींची बाळंतपणं झालेली. पैसे मोजून परकी बाई कशाला?" डॉक्टर आणि सिस्टर असताना डूलाला काम तरी काय उरतं, हे तुम्हाला समजून घ्यायचं आहे.

मी सोलापुरात अकरा वर्षं डूलाचं काम करते आहे. सासूबाईंचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते. घरात चार बायका आहेत हे तुमच्या बायकोचं भाग्य आहे. बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यात त्या चौघींचीही गरज लागेल. पण लेबर रूमच्या दारातून त्यातली एकच आत जाते, आणि कुठे कुठे एकीलाही सोडत नाहीत. जी आत जाते तिला आपल्या वेळचं आठवत असतं, पण दुसरीला कळा येत असताना आपण करायचं काय, हे कुणी शिकवलेलं नसतं. लेकीचं कण्हणं ऐकून आईच्याच पायातलं बळ जातं, हे मी कितीदा पाहिलंय. तेव्हा मला दिसतो तो खरा प्रश्न असा: त्या बारा-पंधरा तासांत तिच्याजवळ कोण असेल, त्या माणसाला काय करायचं ते माहीत असेल का, आणि रुग्णालय त्याला आत येऊ देईल का? डूला हे त्यावरचं एक उत्तर आहे. प्रत्येक घरासाठी तेच बरोबर असेल असं नाही.

डूला म्हणजे सुईण नव्हे, हे आधी स्पष्ट करते, कारण वडीलधाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. सुईण बाळंतपण करायची, नाळ कापायची. मी आतून तपासत नाही, बीपी घेत नाही, बाळाचे ठोके बघत नाही, औषध देत नाही आणि डॉक्टरांच्या निर्णयावर माझा निर्णय लादत नाही. जी डूला यातलं काही करायला जाईल तिला घरी पाठवा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच दासी, सेवा करणारी बाई असा आहे.

मग मी करते काय? मी तिथे थांबते. ऐकायला हे फार साधं वाटतं. पण लेबर रूम जरा डोळ्यासमोर आणून बघा. सिस्टर एकाच वेळी तीन-चार जणींकडे बघत असतात, त्यांची पाळी बदलते, डॉक्टर तपासतात आणि दुसऱ्या पेशंटकडे जातात. प्रत्येकाचं काम गरजेचंच असतं. पण पलंगावरच्या मुलीला रात्रभरात पाच-सहा नवे चेहरे दिसतात आणि प्रत्येक जण तिच्या पोटाकडे बघून बोलतो. तिच्या तोंडाकडे बघणारं, कळ आली की "हं, सोड श्वास, खांदे खाली" म्हणणारं, कळ गेली की घोटभर पाणी देणारं एक माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच असावं, एवढंच माझं काम आहे.

याचा फायदा होतो तो शरीराच्या पातळीवरही. कळा आणणारं ऑक्सिटोसिन शांतपणात नीट वाहतं. माणूस घाबरलं की ॲड्रेनालिन वाढतं आणि विशेषतः सुरुवातीच्या कळा मंदावतात. शिवाय घाबरलेली बाई श्वास धरते, अंग आखडून घेते, आणि तीच कळ दुपटीने दुखते. मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या शेतकरी घरांत मला हे समजावत बसावं लागत नाही. व्यायला आलेल्या म्हशीभोवती तिथे कुणी गर्दी होऊ देत नाहीत, दिवासुद्धा लांब ठेवतात.

परक्या बाईचा मुद्दा राहिला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयात कळा सुरू झालेल्या काही पहिलटकरणींना सोबतीला एक बाई दिली होती. ती त्यांच्या ओळखीची नव्हती. ज्यांना सोबत मिळाली त्यांचं बाळंतपण लवकर झालं. पुढे बरेच अभ्यास झाले, आणि जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतले २६ अभ्यास आणि १५ हजारांहून जास्त बायका एकत्र मोजल्या गेल्या. सतत सोबत असलेल्या बायकांचं नैसर्गिक बाळंतपण होण्याचं प्रमाण जास्त होतं, सिझर कमी होती, कळांचा काळ थोडा कमी होता आणि बाळंतपणाबद्दल वाईट आठवण उरलेल्या बायकाही कमी होत्या. हे अभ्यास फार पक्के नाहीत असं आढावा करणाऱ्यांनी स्वतःच म्हटलंय, म्हणून मी याची हमी कुणाला देत नाही. पण सोबतीने काही नुकसान झाल्याचं त्यांना दिसलं नाही, आणि घरच्या माणसाच्या सोबतीनेही बायका जास्त समाधानी होत्या. म्हणजे सासूबाईसुद्धा चुकलेल्या नाहीत.

आता एक रात्र सांगते, म्हणजे घरची बाई आणि डूला यांचं कसं जमतं ते दिसेल. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना, सोलापूरच्या पूर्व भागातली एक मुलगी. आई विड्या वळायची, घरात तेलुगू बोलायचे. बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे होतं, त्यामुळे सगळी कळ पाठीत उतरत होती. रात्री दीडच्या सुमाराला ती पलंगाचा कठडा धरून उभी, आणि प्रत्येक कळेला तिची आई दाराकडे जाऊन पदराने डोळे पुसायची. मी अम्मांना जवळ बोलावलं. कंबर आणि माकडहाड यांच्या मधला सपाट भाग असतो, तिथे त्यांच्या तळहाताचं मनगटाकडचं टोक ठेवलं, त्यावर माझा हात ठेवला आणि दाबलं. "इथे. अजून. घाबरू नका, जोर लावा." मुलगी एकदम म्हणाली, "हां, तिथंच." कळ उतरली की जोर काढायचा, हात मात्र काढायचा नाही, हे त्यांना तिसऱ्या कळेला समजलं. मग मुलीला खाली चटईवर हातागुडघ्यांवर घेतलं, फरशी पुसताना आपण होतो तसं. पहाटे चारनंतर मी दाब दिलाच नाही. अम्मा दाबत होत्या आणि हळू आवाजात मोजत होत्या, "ओकटी, रेंडू, मूडू..." मी स्टुलावर बसून लिंबू सरबत चमच्याने देत होते. सकाळी पावणेआठला मुलगा झाला. तिला धीर दिला तो तिच्या आईने. हात कुठे ठेवायचा, एवढंच मी दाखवलं.

म्हणून माझं निम्म्याहून जास्त काम कळा सुरू होण्याच्या आधीचं असतं. ३४ ते ३७ आठवड्यांत मी दोन-तीनदा घरी जाते. जो कुणी आत जाणार असेल त्याला दाब देणं, कमरेच्या दोन्ही बाजूंनी तळहातांनी आवळणं, श्वासाची लय धरणं हे करून दाखवते आणि करून घेते. सोबतच तिला हवं-नको ते अर्ध्या कागदावर लिहून काढतो: चालता-फिरता येईल का, पाणी पिता येईल का, बाळ लगेच अंगावर मिळेल का, नाळ निदान एक मिनिट थांबून कापतील का, बाळाची वाट मोठी करायला छेद घेणार असतील तर आधी सांगतील का. हा कागद मागण्यांचा नसतो. ओपीडीत डॉक्टरांसमोर शांतपणे ठेवायचा आणि त्यांचं ऐकायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये, धोका नसलेल्या बाईने कळांमध्ये हिंडावं-फिरावं, खावं-प्यावं, असंच आहे. तिच्या केसमध्ये बीपी, साखर किंवा आणखी काही असेल तर डॉक्टर वेगळं सांगतील, आणि मग तेच पाळायचं.

त्याच सूचनांमधली एक गोष्ट घरच्यांना मी मुद्दाम समजावते. खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा त्यांनी गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासून मोजला आहे, आणि तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे हा जुना हिशेब सगळ्यांना लागू होत नाही असं म्हटलंय. आपल्याकडे काय होतं? कळा सुरू झाल्या की दोन तासांत सगळे रुग्णालयात, आणि संध्याकाळी "अजून तीनच सेंटिमीटर" ऐकून सगळ्यांचे चेहरे पडतात. ती त्या चेहऱ्यांकडे बघत असते. पहिलटकरणीने कळा पाच मिनिटांना एक, मिनिटभर टिकणारी, अशा तासभर येऊ लागेपर्यंत घरीच असावं, असं मी साधारणपणे सुचवते. तुमचं घर रुग्णालयापासून वीस मिनिटांवर आहे म्हणून हे चालेल. अक्कलकोट किंवा मंद्रूपहून यायचं असतं तर मी लवकर निघा म्हटलं असतं. आणि तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

काही गोष्टींत मात्र घरी थांबायचं नाही, मला फोनही नंतर करा, आधी गाडी काढा: ३७ आठवड्यांच्या आत नियमित कळा, पाणी जाणं (हिरवट किंवा तपकिरी असेल तर एक क्षणही नाही), रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर-हातांवर एकाएकी सूज. गाडी नसेल तर १०८. हे फ्रिजवर चिकटवा.

आता रुग्णालयाचं. इथे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे. प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी हे केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांसाठी ठरवलंय. ती नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतःचं बाळंतपण झालेली, आणि आडोशाची नीट सोय असेल तिथे नवराही चालेल, असं त्यात आहे. लेबर रूम सुधारण्यासाठीच्या २०१७ च्या लक्ष्य या सरकारी कार्यक्रमानेही तेच पुढे नेलं. म्हणून नाव सरकारी रुग्णालयात घातलं असेल तर मी स्वतःच सांगते, तिथे माझ्यावर पैसे घालू नका. आईला किंवा मावशीला न्या, मी त्यांना दोन बैठकांत तयार करून देते. खासगी ठिकाणी डॉक्टरांवर असतं. कुणी एकालाच सोडतात, कुणी दोघांना. एकालाच सोडत असतील तर तुम्ही, सासूबाई आणि डूला यांच्यात निवड करावी लागेल, आणि ती निवड तिने करायची.

याबाबत मी एकदा फार मोठी चूक केली. कामाच्या तिसऱ्या वर्षी एका डॉक्टरांनी ओपीडीत "या की, काही अडचण नाही" म्हटलं आणि मी तेवढ्यावर भरवसा ठेवला. रात्री अकराला पोचलो तेव्हा ड्युटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "एकच नातेवाईक, आणि तुम्ही नातेवाईक नाही." त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. त्या मुलीने तीन महिने माझ्यासोबत तयारी केली होती. आत गेली तिची धाकटी जाऊ, बावीस वर्षांची, जिला मी एकदाही भेटले नव्हते. सात तास मी बाहेरच्या बाकावर बसून होते. बाळ-बाळंतीण सुखरूप होते, पण ती मला नंतर म्हणाली, "ताई, मी तुम्हाला हाका मारत होते." ते वाक्य मी विसरलेले नाही. तेव्हापासून परवानगीची ओळ केस पेपरवर डॉक्टरांच्या सहीने लिहून घेते, ३६ व्या आठवड्यात तिला घेऊन लेबर रूमच्या सिस्टरांना भेटते, आणि घरातली निदान एक बाई तरी तयार करून ठेवते. तुम्ही कुणालाही ठरवलंत तरी या तीन गोष्टी करून घ्या.

आणखी एक विचारते. तिला डूला का हवी आहे, हे तिला कुणी विचारलं का? मला मुली खासगीत सांगतात, "आईसमोर मला ओरडता येणार नाही." आई घाबरेल म्हणून त्या दुखणं गिळतात. सासू आत असेल तर पातळ सरकलं तरी लाज वाटते. काहींना आधीचा गर्भपात झालेला असतो आणि त्याबद्दल घरात बोलायचं नसतं. परकी बाई हवीशी वाटते ती कधी कधी ती परकी असते म्हणूनच. हे सासूबाईंना मायेची कमतरता वाटायला नको.

सिझरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरचे हटकून विचारतात: "मॅडम, तुम्ही असलात की नॉर्मल होईल ना?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या खासगी रुग्णालयांमधल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझरने झालेल्या दिसतात, सरकारीत १४.३ टक्के. तेव्हा ही भीती हवेतली नाही. पण बाळाचे ठोके उतरले, वार खाली असली, बीपी हाताबाहेर गेलं, तर सिझर जीव वाचवते आणि अशा वेळी मी तिच्या कानाशी हेच सांगते. वेळ असेल तर डॉक्टरांना शांतपणे विचारता येतं: हे आत्ताच का, थोडं थांबलं तर काय होईल, दुसरा काही मार्ग आहे का. उत्तर ऐकून ठरवायचं त्या नवरा-बायकोने. ऑपरेशन थिएटरमध्ये मला बहुतेक ठिकाणी सोडत नाहीत. मी बाहेर घरच्यांजवळ असते, आणि ती बाहेर आली की बाळ छातीशी लावायला मदत करते. टाक्यांवर वजन न येता कुशीवर पाजणं जमतं, पहिल्या तासाभरात चिकाचं दूध मिळणंही बहुतेकदा जमतं. मध चाटवायचा नाही, वर्षभर नाही.

बाळंतपणानंतरचं थोडंच सांगते, कारण ते सासूबाईंचं राज्य आहे आणि डिंकाचे लाडू माझ्यापेक्षा त्या चांगले करतील. दोन गोष्टी मात्र मेच्या सोलापुरात ऐकाच. ४२-४३ अंशांत बाळंतिणीचं पाणी तोडायचं नाही, तिला तहानेपेक्षा जास्तच द्या. आणि दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवायची नाही. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी पुरते. बंद खोलीत कोळशाचा वायू कळतही नाही आणि आई-बाळाच्या जिवावर येतो.

डूला निवडायची झाली तर एवढं ध्यानात ठेवा. आपल्याकडे डूलांची सरकारी नोंदणी किंवा परिषद नाही. प्रमाणपत्रं खासगी प्रशिक्षणाची असतात. म्हणून प्रमाणपत्रापेक्षा प्रश्न विचारा: किती बाळंतपणांना प्रत्यक्ष होतात, तुमच्या रुग्णालयात पूर्वी गेलात का, त्याच रात्री दुसरी केस आली तर कोण येईल, सिझर झाली किंवा तुम्हाला आत सोडलं नाही तर फीचं काय. ही उत्तरं आधीच लिहून घ्या. "नॉर्मलची गॅरंटी" म्हणणारी किंवा डॉक्टरांना नावं ठेवणारी बाई नको. आणि शेवटी तिला तुमच्या बायकोशी तासभर बोलू द्या. जवळ बसलेली बरी वाटते की नाही, ते तिला लगेच कळतं.

तुमच्याबद्दल. पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्यापासून बहुधा पुरेसा वेळ मिळतो, त्यामुळे पुण्याहून रस्त्याने निघालात तर चार-पाच तासांत पोचाल, पण त्यावर विसंबू नका. संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस चुकली तर काय करायचं, कुणाच्या गाडीने यायचं, हे आत्ताच ठरवा आणि ३८ व्या आठवड्यापासून जमलं तर घरून काम मागून घ्या. येत्या रविवारी सोलापूरला आलात की सासूबाईंना शेजारी बसवा, तिला खुर्चीवर उलटं बसवून पाठीवरची ती जागा दोघांनी शोधा आणि तीच सांगेल तेवढा जोर लावून बघा. सोमवारी ओपीडीला जाताना सासूबाईंनाही सोबत न्या आणि डॉक्टरांना विचारा: आत किती जण, कोण चालेल, आणि हे केस पेपरवर लिहून द्याल का. उत्तर आलं की डूला घ्यायची की सासूबाईंनाच तयार करायचं, ते तिला ठरवू द्या.